बुटीबोरीपर्यंत

“काका, हे एस.टी.चं तिकीट न्हाई. हितं किलोमीटर मोजून भाडं लागत न्हाई.”

रविकांतनं हे तिसऱ्यांदा सांगितलं आणि सटवाजीनं तिसऱ्यांदा भिंतीवरच्या नकाशावर बोट आपटलं. नांदेडच्या बायपासवरचं ते ऑफिस म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या, बाबासाहेबांचा फोटो आणि हा नकाशा. घरसामान आणि गाड्या देशात कुठंही पोचवायचं बुकिंग तिथं व्हायचं. सटवाजीला आपली, म्हणजे खरं तर उत्तराखंडात बदली झालेल्या मुलाची, आदिनाथची, गाडी हदगावजवळच्या गावातून डेहराडूनला पाठवायची होती. भाडं ऐकल्यापासून तो काही खुर्चीत टेकायला तयार नव्हता.

“हे बघ, पुणं हितं. हदगाव हितं. दिल्लीला जवळ कोण? आपण. मग पुण्याहून धाडायला कमी पैसे आन आपल्याहून दीडपट? हे कोणतं गणित?”

“लोडचं गणित. पुण्याहून रोज गाड्यांचा कॅरिअर ट्रक भरून निघतो. आपल्याकडं सध्या नांदेडातून तुमची एक गाडी आन लातुरातून एका डॉक्टरची एक. दोन गाड्यांसाठी ते लांबलचक धूड हिकडं कोण वळवील? आन पुढं तरी काय? कॅरिअर डेहराडूनला थांबणार. तिथून वर डोंगरात आदिनाथदादानं सोता न्यायची. दोनी टोकं आडबाजूला हायेत काका, म्हणून पैसा बी जास्त आन टाइम बी जास्त.”

“आम्ही जायचो की आडबाजूला. एक म्हातारी आन तिची कोंबडी, एवढ्यावर मुक्कामी फेरी नेलीय मी. इचार तुझ्या बापाला.”

रविकांत हसला. त्याचा बाप पंढरी हदगाव डेपोत कंडक्टर होता आणि अर्धी नोकरी त्यानं सटवाजीच्याच गाडीवर घंटी मारत काढली होती. त्यामुळे या गिऱ्हाइकावर वैतागायची त्याला सोय नव्हती.

“ते सरकारचं काम व्हतं, हे धंद्याचं हाय. आता माझं ऐका. गाडी तुमी सोता बुटीबोरीला नेऊन टाका. नागपूरच्या अलीकडं हायवेला यार्ड हाय. हैदराबादहून दिल्लीकडं जाणारे कॅरिअर तिथं थांबतेत, एखादी जागा खाली असतीच. भाडं निम्म्यावर येतं आन दोन दिवसांत गाडी रस्त्याला लागती. हदगावहून सरळ रस्ता. उमरखेड, यवतमाळ, वर्धा. तुमच्यासारख्याला काय अवघड?”

“आन घरून न्या म्हणलं तर?”

“तर मग हिकडच्या पाच-सहा गाड्या जमेपर्यंत थांबायचं. जमल्या की छोटा ट्रक तुमच्या गावात येणार, गाडी उचलून नांदेडला आणणार, मग मोठी गाडी येणार. पंधरा दिवस लागतील, म्हैना बी लागंल.”

“तवर गाडी कुठं ऱ्हाती?”

“तुमच्याच दारात. कुठं ऱ्हाणार?”

सटवाजी पहिल्यांदा खुर्चीत बसला. “घरूनच लिही.”

“अवो काका, दुप्पट पैसे देऊन उशीर इकत घेऊन राहिले का तुमी?”

“लांबची ड्रायव्हिंग आता झेपत न्हाई बाबा.”

हे बोलणारा माणूस आदल्या दिवशी गावातल्या एका आजारी बाईला लातूरच्या दवाखान्यात दाखवून संध्याकाळी घरी जेवायला हजर होता. पण रविकांतला ते कुठून ठाऊक असणार? त्यानं मान हलवली आणि घरून असं लिहिलं.

फेरी कशी बंद पडते हे सटवाजीला चांगलं माहीत होतं. ती कुणी एका दिवसात बंद करत नाही. आधी भारमान, म्हणजे गाडीतली गर्दी, घसरतं, मग आज नाही उद्या, उद्या नाही परवा असं होत होत वाट बघणारेच कंटाळतात आणि आपली दुसरी सोय लावून घेतात. आदिनाथही लावील. बँकेत साहेब आहे, तिकडंच एखादी गाडी बघील. तोवर रविकांतचा लोड काही जमत नाही. सटवाजीचा सगळा बेत एवढाच होता, आणि तो कुणाला सांगण्यासारखा नव्हता.

गाडी आदिनाथनं नांदेडच्या शाखेत असताना घेतली होती. मग त्याची बदली हैदराबादला झाली आणि ती बापाच्या दारात आली. नुकताच निवृत्त झालेला सटवाजी तेव्हा दिवसभर पारावर बसून जाणाऱ्या एस.टी.चे गिअर कानानं मोजायचा. गाडी आली आणि माणूस पुन्हा उभा राहिला. कुणाला साप चावला, बोलवा सटवाजीमामाला. कुणाची सून अडली, बोलवा सटवाजीमामाला. भाडं त्यानं कधी घेतलं नाही, डिझेल टाका म्हणायचा. एस.टी.त असताना लोक गाडीची वाट बघायचे, ड्रायव्हरची नाही. आता लोक त्याची वाट बघत होते, आणि हे त्याला इतकं आवडत होतं की ते तोंडानं कबूल करायचीही लाज वाटायची.

त्यातून नागपंचमी तोंडावर आलेली. सासरी दिलेल्या लेकींना पंचमीला माहेरी आणायचं आणि त्यासाठी घरच्या कुणीतरी मुराळी म्हणून जायचं ही आपल्याकडची रीत. पण गावातले बाप थकले होते, भाऊ पुण्या-हैदराबादला कामाला लागले होते. तेव्हा सटवाजीच सगळ्या गावाचा मुराळी झाला होता. पंचमीच्या आधीच्या आठवड्यात तो पांढरं धोतर नेसून, डोक्याला नवा रुमाल बांधून लेकी आणायला निघायचा. लेकीचे सासरेही त्याला घरच्या मुराळ्यासारखंच पाटावर बसवायचे.

“मला कधी एवढं पुसलं असतं,” धोंडाबाई, त्याची बायको, ओट्यावर भाजी निवडत म्हणायची, “तर मी बी चकाकले असते.”

तो फडकं घेऊन बॉनेटवरून हात फिरवत राहायचा.  पण आताशा रस्त्यानं कसलाही ट्रक वाजला की तो उठून दाराशी जायचा. जेवताना फोन वाजला की घास तसाच ताटात. रविकांतचा नंबर दिसला की तो फोन घेऊन अंगणात जायचा, आणि “लोड न्हाई जमला अजून काका” ऐकलं की जीव भांड्यात पडायचा. लगेच स्वतःचाच राग यायचा. मग तो उगाच धोंडाबाईवर खेकसायचा. चहा गार झाला म्हणून. चहा त्यानंच गार केलेला असायचा.

आदिनाथचा फोन एक दिवसाआड.

“बाबा, निघाली का गाडी?”

“बुकिंग झालंय. आता त्यायच्या हातात हाय.”

“इथं गाडीची लई गरज हाय बाबा. हे गाव म्हणजे आपल्या हदगावापेक्षा आडवळणी. टॅक्सीवाले सगळे चारधाम यात्रेला लागलेत.”

“व्हय, व्हय. सांगितलंय त्यांना.”

आणि आदिनाथनं चौथ्यांदा विचारलं तेव्हा, तोंडातली भाकर गिळता गिळता, सटवाजी बोलून गेला, “निघाली असं समज.”

पंचमी दोन दिवसांवर आली त्या सकाळी तो रेणापूरकडे निघाला. गुरुबसप्पाची लेक रुद्राणी रेणापूरच्या पुढच्या एका खेड्यात दिलेली. गुरुबसप्पाचे दोन्ही गुडघे गेलेले, त्याला चार पावलंही जड. रुद्राणीला घेऊन परत येताना सटवाजीनं रेणापुरात गाडी थांबवली. सुनेचं माहेर तिथलंच. एवढ्या लांब येऊन व्याह्यांच्या दारावरून तसंच जाणं बरं दिसलं नसतं.

सुनेची आई साखराबाई दारात लाह्या पाखडत होती. तिनं सूप ठेवलं, डोक्यावर पदर घेतला, रुद्राणीला पाणी दिलं आणि मग रस्त्याकडे बघत विचारलं, “भाऊ, ही कोणाची गाडी आणली?”

सटवाजीनं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि बराच वेळ काढला नाही.

“आमची उज्वला काल फोनवर सांगत व्हती,” साखराबाई आपल्याच नादात बोलत होती. “म्हणली, मामांनी गाडी धाडली, आई. निघाली बी. म्हणलं, बरं झालं बाई. लई हाल झाले लेकराचे.”

“हाल?”

“तुमाला न्हाई म्हाईत? बरं, मग मी सांगितलं म्हणून सांगू नका. मामांना फिकर नको म्हणती ती. सहावा म्हैना चालू हाय तिला. डॉक्टर म्हणतो एवढ्या लांब माहेरी जायचं न्हाई, आन पंधरा दिवसाला डेहराडूनला येऊन दाखवायचं. जाणार कशात? त्या वडापच्या जीपमधी. मागच्या येळी मधीच पोटात कळा निघाल्या. जीपवाल्यानं उतरवलं आन गेला. घाटात दगडावर बसून ऱ्हाइली पोर, जावाई दुसरी जीप शोधत फिरले. त्याच्यानंतरची तारीख तिनं चुकवली. आता गाडी आल्यावरच जाईन म्हणती.” तिनं पदरानं डोळे टिपले आणि लगेच हसली. “पर तुमी धाडली ना, आता मला घोर न्हाई.”

सटवाजी उठला. इतका झटकन उठला की तांब्या कलंडला.

“चहा ठेवते की भाऊ.”

“नको. लेकीला येळेवर पोचवायचंय.”

ही तुमच्याच पोरीची गाडी आहे, मी दाबून ठेवली आहे, हे त्याच्या ओठांवर आलं होतं. पण ती बाई दारात उभी राहून हात जोडत होती आणि त्याला ते बोलवलं नाही. रुद्राणी मागच्या सीटवर बसली. तिनंही सगळं ऐकलं होतं आणि गाडी कुणाची हे तिला पक्कं माहीत होतं. 

अहमदपूरच्या पुढे त्यानं गाडी बाजूला घेतली आणि रविकांतला फोन लावला.

“बुटीबोरीला कॅरिअर कधी हाय?”

“उद्या दुपारी हाय एक, हैदराबादहून निघालाय. पाह्यतो थांबा.” पलीकडं थोडी खुडबूड झाली. “हाय. एक जागा खाली हाय. पर काका, तुमाला तर लांबची ड्रायव्हिंग झेपत न्हाई ना?”

“झेपती. लिही माझी गाडी.”

“मी तवाच म्हणलो व्हतो…”

“तू बराबर व्हता. लिही आता.”

फोन ठेवून तो स्टिअरिंग धरून तसाच बसला. मागून रुद्राणी हळूच म्हणाली, “मामा, गाडी जाऊ द्या. आमी येऊ की एस.टी.नं.” चांगलं म्हणूनच बोलली बिचारी. पण त्याला ते फार लागलं.

गावात पोचल्यावर सर्वांत अवघड काम श्रीमंतच्या घरी जायचं होतं. श्रीमंतची लेक मुदखेडला, आणि उद्या तिला आणायचा शब्द सटवाजीनं दिलेला. श्रीमंत गोठ्यात होता.

“उद्या माझं जमत न्हाई, श्रीमंता. गाडी उद्या जाती.”

श्रीमंतनं शेणाचे हात पुसले. त्यानं चिडावं, दोन शब्द टाकावेत, असं सटवाजीला मनापासून वाटत होतं. श्रीमंत म्हणाला, “असू द्या मामा. मी जातो पहिल्या गाडीनं. लई दिवस झाले, लेकीच्या सासरी मी सोता गेलोच न्हाई.”

घरी येऊन त्यानं धोंडाबाईला सगळं सांगितलं. रेणापूरचं, रविकांतचं, घरून कशासाठी लिहायला लावलं तेही. तिनं तवा उतरवला.

“फेरी बंद पाडायचं काम तुमच्या डेपो मॅनेजरचं व्हतं,” ती म्हणाली. “तुमी कवापासून कराय लागले?”

“चुकलं माझं.”

“माझ्या सुनेला घाटात दगडावर बसवलं तुमी.” तिचा आवाज चढला नाही, त्यामुळे तो जास्तच खाली बघत राहिला. मग ती उठली, लाह्यांचे लाडू आणि शेंगांची चटणी एका फडक्यात बांधली आणि गाडीच्या मागच्या सीटवर नेऊन ठेवली.

उजाडता उजाडता तो निघाला. एरवी सावकाश गाडी चालवणारा माणूस, पण त्या दिवशी त्याला कुठंच दम निघेना. उमरखेडला चहाला थांबला नाही. यवतमाळच्या गर्दीत एका रिक्षावाल्याला त्यानं अशी शिवी हासडली की उभ्या नोकरीत तशी कुणाला दिली नव्हती. कॅरिअर निघून गेला तर पुढचा कधी, आणि तो भरलेला असला तर? गेले कित्येक दिवस ज्या उशिराला तो मनातून हात जोडत होता, तोच आता मागच्या सीटवर बसून त्याचा जीव खात होता.

यार्डात पोचला तेव्हा कॅरिअर उभा होता. वरच्या मजल्यावर चार गाड्या चढलेल्या, खाली जागा होती. यार्डातला माणूस मोबाईल घेऊन गाडीभोवती फिरला. प्रत्येक ओरखड्याचा फोटो काढला. मागच्या दारावरचा मोठा ओरखडा पाहून म्हणाला, “हे आधीचंच ना?”

“आधीचंच.” गुरुबसप्पाची काठी लागली होती तिथं.

“सामान काढा सगळं. गाडी खाली पाहिजे.”

“एवढं गठुडं ऱ्हाऊ द्या. सुनेला खायचं हाय.”

“चालत नाही काका. रस्त्यात सांडलं, मुंग्या झाल्या, तर बोलणी मला बसतात.”

सटवाजीनं गठुडं काखेत घेतलं. डॅशबोर्डवरचा छोटा गणपती तेवढा राहू द्यायला माणूस तयार झाला. मग त्यानं कागद पुढे केला आणि विचारलं, “तुम्ही मालक का ड्रायव्हर?”

सटवाजीनं गठुडं दुसऱ्या काखेत घेतलं.

“ड्रायव्हर.”

“मग इथं सही करा. मालकाला मेसेज जाईल.”

“वर मीच चढवतो गाडी.”

“नाही काका. रॅम्पवर आमचाच माणूस लागतो.”

त्यांच्या पोरसवदा माणसानं सीट खटकन मागे सरकवली, आरसा वाकडा केला आणि गाडी रिव्हर्समध्ये रॅम्पवर घेतली. क्लच जळाल्याचा वास आला. सटवाजी एक पाऊल पुढे झाला आणि थांबला. चाकांना पट्टे आवळले गेले.

“निघणार कधी?” त्यानं विचारलं.

“अजून एक गाडी यायची आहे नागपूरहून. आली की.”

“आन न्हाईच आली तर?”

“येईल हो.”

“एकासाठी दहा जणांचा खोळंबा कामून करून राहिले? निघा की. तिकडं पोर वाट बघती.”

यार्डातल्या माणसानं त्याच्याकडे नीट पाहिलं आणि त्याच्यासाठी खुर्ची मागवली. सटवाजी त्या खुर्चीत बसला नाही. शेवटची गाडी येऊन चढेपर्यंत आणि कॅरिअर फाटकातून बाहेर पडून दिल्लीच्या दिशेनं दिसेनासा होईपर्यंत तो रॅम्पजवळ उभाच होता. मग त्यानं आदिनाथला फोन लावला.

“गाडी आत्ता निघाली. माझ्या डोळ्यादेखत.”

“आत्ता? तुम्ही तर म्हणाला होता…”

“मी खोटं बोललो व्हतो. मला ती सोडवत नव्हती. उज्वलाला सांग, पुढची तारीख चुकवायची न्हाई.”

 आदिनाथ म्हणाला, “तुम्ही जेवलात का, बाबा?” “लाडू हायेत बरोबर,” सटवाजी म्हणाला. त्यानं फोन ठेवला.

नांदेडकडे जाणारी एस.टी. उन्हं कलताना मिळाली. पंचमीच्या आदल्या दिवशीची गाडी, लेकीबाळी आणि पिशव्यांनी खच्चून भरलेली. पुढच्या दांड्याला धरून तो उभा राहिला. यवतमाळला थोडी जागा झाली आणि एका पोरीनं आपलं लेकरू मांडीवर घेऊन त्याला बाजूला बसवलं. ती उमरखेडला माहेरी निघाली होती, एकटीच. त्याच्या काखेतलं गठुडं आणि डोक्याचा नवा रुमाल पाहून तिनं विचारलं, “कोणाला आणायला गेले होते काका?”

“आणायला न्हाई. सोडायला.”

“लेकीला?”

सटवाजीनं खिडकीबाहेर पाहिलं. “हाव,” तो म्हणाला.

“पंचमीला लेक घरी आणतात काका, तुमी सोडून आले?”

“तिची तिकडं गरज व्हती.”

 थोड्या वेळानं त्यानं गठुड्याची गाठ सोडली आणि एक लाडू तिच्या लेकराच्या हातात दिला. पुढे घाट लागला. वळण आलं तसा त्याचा उजवा पाय आपोआप ब्रेकवर असल्यासारखा खालच्या पत्र्यावर दाबला गेला, आणि गाडी ज्याला वळवायची होती त्यानं वळवली.